सुपारी फुटल्यावरची अट

माझी नात अमिता महाडला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला आहे. तिथं सुपरवायझरची जागा निघाली आणि पोरीनं ती डोक्यात घेतली. सुट्टीला गावी, कुडपणला आली की कोंबड्यांनाही रांगेत उभं करायची. या घरात हुकूम सोडायला मी एकटी पुरते, तरी मी गप्प बसले.

तिच्याच लायनीवर दासगावचा साहिल. तो तिला शनिवारी मोटरसायकलवरून आणून सोडायचा. दोघं महाडातून दुपारी निघायची आणि पोचायची दिवेलागणीला. घाट एवढा लांब नाही, हे मलाही कळतं.

"चांगला हाय तो, आजी," अमिता म्हणाली.

"गोठ्यात पांढरे बूट घालून येतो. चांगला असंल गो, शहाणा नाय."

पण पोरगा हसरा होता. म्हशीनं शेपूट मारलं तरी हसला.

एका रविवारी तो मामाला, मुरारीला घेऊन मागणी घालायला आला. आमच्याकडे आधी सगळी बोलणी होतात आणि शेवटी चार माणसांसमोर सुपारी फोडतात. फुटली की शब्द दिला गेला, मग माघार नाही. पण धुकं उतरत होतं, पाहुण्यांना घाट उतरायचा होता, आणि असं स्थळ हातचं जाऊ द्यायला मी काही खुळी नव्हते. म्हटलं, सुपारी आधी फोडा, बोलायचं ते जेवताना बोलू. बत्ता मीच पुढे सरकवला.

जेवताना मुरारी म्हणाला, "ठकूबाई, आता एकच राहिलं. सुपरवायझरची जागा एक, आणि साहिलनंपण अर्ज दिलाय. अमितानं आपलं नाव मागं घ्यावं. आता काय, घरातलीच झाली."

अमिताचा घास हातातच राहिला. तिनं साहिलकडे बघितलं. तो आमटीकडे बघत होता.

"तू कधी दिलास अर्ज?"

"सोमवारी. सांगणारच होतो."

"काल घाटात एवढा येळ थांबलो, तेव्हा नाय आठवलं?"

मुरारीला ठसका लागला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण सुपारी मी फोडायला लावलेली.

मी म्हटलं, "मामा, भात घ्या. मी पोरगी द्यायचा शब्द दिला, तिची जागा द्यायचा नाय दिला."

"मग लग्नाचं काय?"

"ते तिला विचारा. शब्द मोडला तर भावकीत तोंड माझं काळं होईल. होऊ दे, या वयात कोण बघतंय."

"मी नाव मागं घेणार नाय," अमिता म्हणाली. साहिलनं मामाकडे बघितलं. पाहुणे ताक न पिताच उठले.

मुलाखती झाल्या. जागा दोघांनाही मिळाली नाही. साहेबांनी बाहेरचा कोणी आणून बसवला. अमिता दोन दिवस कामावर गेली नाही, चुलीपुढे बसून रडली. साहिलनं निरोप पाठवला, आता जागेचा प्रश्नच मिटला, तर लग्नाचं बघू.

"मिटला म्हणतो," अमिता म्हणाली, आणि रडायची थांबली.

भावकीतल्या बायका मला विचारतात, सुपारीचं काय झालं. मी सांगते, खाल्ली.

लोटे गावातल्या एका कंपनीत तसलीच जागा आहे. काल ती तिथं मुलाखतीला गेली. साहिल महाडच्या स्टँडवर आला होता, मोटरसायकलनं सोडतो म्हणाला. तिनं नको म्हटलं आणि एसटीत चढली. तिच्या जागी मी असते तर सोडू दिलं असतं, पण मला कोण विचारतं.