पाट्या वाचणारा इसम

क्रांतीच्या पत्राला आपण उत्तर दिलं नाही, हे चंद्रशेखरांना रोज चहाच्या पहिल्या घोटाला आठवायचं, आणि चहा कडू लागायचा.

पत्र येऊन तीन आठवडे झाले होते. कोपरखैरण्यातल्या त्यांच्याच इमारतीत वाढलेली, शाळेत असताना निबंध त्यांच्याकडून तपासून घेणारी ही मुलगी आता महापालिकेला अपक्ष उभी होती. समोरासमोर काकांची जीभ टाळ्याला चिकटते हे ठाऊक असल्यानं तिनं मुद्दाम टपालानं लिहिलं होतं. सोबत प्रचारपत्रकाचा कच्चा मजकूर होता.

'काका, पाण्याबद्दल बोलले की लोक जांभया देतात. चोरांबद्दल बोलले की खुर्च्या पुढे ओढतात. खरं सांगायचं तर वर्षभरात आपल्या सेक्टरातून एक सायकल गेलीय. तरी शेवटचं वाक्य ठेवू का? गोड बोलू नका.'

ते वाक्य असं होतं : 'पहाटे बंद घरांच्या पाट्या वाचत फिरणारा हा इसम कोण?' खाली रिकामी चौकट, सेक्टरातल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यातल्या फोटोसाठी.

चंद्रशेखरांनी चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. तिथला नियम एकच : वेलांटी आपली, मजकूर लेखकाचा. त्यांनी 'सुरक्षीत'मधली वेलांटी ऱ्हस्व केली आणि हात आखडता घेतला. राजकारणातलं आपल्याला काय कळतं? तो इसम कोण असेल या धास्तीनं त्यांनी दाराला दुसरी कडी मात्र लावून घेतली.

वाट पाहून क्रांतीनं पत्रक छापलं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या वेणूबाई तणतणत आत आल्या.

"फाटकावर अर्धा घंटा उभं केलं मला! आधार दाखव म्हनं. बारा वर्सं पोळ्या लाटतीय हितं!" त्यांनी पत्रक ओट्यावर आपटलं. "ह्या मेल्यापायी!"

मग त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"अवो काका, ह्या माकडटोपीला कानापाशी ठिगळ हाय. ते म्याच लावलंय की!"

चंद्रशेखरांनी चष्मा पुसून पाहिलं. टोपी त्यांची, पोकही त्यांचंच. कुणाशी बोलावं लागू नये म्हणून ते पहाटे फिरत, आणि सवयीनं वाटेतल्या पाट्यांचे ऱ्हस्व-दीर्घ तपासत. फोटोत ते 'आशिर्वाद' नावाच्या घरापुढे वाकून उभे होते. त्या 'शि'नं त्यांना चार वर्षं छळलं होतं.

"म्हंजे तुमच्या भ्यानं मला अडवलं?" वेणूबाई हसत हसत खाली बसल्या. "आन तुमी कुनाच्या भ्यानं दोन दोन कड्या लावताय?"

चंद्रशेखरांना हसू येईना. "तिनं मला आधी विचारलं होतं, वेणूबाई."

"मंग सांगा की आता. फोन लावा."

"तोंडानं नाही जमायचं."

"मंग लिव्हा. रविवारी सभा हाय तिची, आज टाकलं तर पोचंल. उद्यापास्नं म्या आधार दाखवनार न्हाई, सांगून ठिवते. पोळ्या तुमच्या तुमी लाटा."

नाव सांगितलं तर सगळा सेक्टर हसणार होता, आणि क्रांतीची मतंही जाणार होती. कदाचित क्रांतीसुद्धा दुरावली असती. दुपारपर्यंत चार कागद फाटले. शेवटी त्यांनी तिचा कच्चा मजकूर काढला आणि आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याच्या अख्ख्या वाक्यावर आडवी रेघ मारून समासात 'काढून टाका'ची शेपटीवाली खूण केली. खाली लिहिलं : 'चि. क्रांती, तो इसम मी. सभेत माझं नाव घेऊन सांग, सायकलीचंही सांग. मी पहिल्या रांगेत बसेन. उत्तराला उशीर झाला, हा दोष माझा.'

वेणूबाई टपालपेटीपर्यंत सोबत निघाल्या. काका वाटेतूनच परततात, हा त्यांचा अनुभव होता.

फाटकावर वॉचमन गोटीराम उठून उभा राहिला. चंद्रशेखर थांबले, घसा खाकरला. "गोटीराम, फोटोतला तो माणूस मी आहे."

"ठावं हाय की, काका. टोपी वळकली मी."

"मग बोलला का नाहीस?"

"कुनी इचारलंच न्हाय. सोसायटीवाल्यांनी 'मानसं तपास' येवढंच सांगितलं."

"आन माजा आधार बरा इचारलास रं!" वेणूबाईंनी त्याच्यावर पिशवी उगारली. गोटीरामनं कान पकडले, आणि चंद्रशेखर चक्क मोठ्यानं हसले.

लाल पेटीच्या तोंडाशी मात्र त्यांचा हात थबकला. "वेणूबाई, 'तो इसम मी'नंतर पूर्णविराम दिला होता का मी?"

"क्रांती देईल की," म्हणत त्यांनी काकांच्या कोपराला हलकेच ढोसलं. पाकीट आत पडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.