भोंपू आणि गोजाबाईंची ओटी

मित्रांनो, मी एक जुना भोंपू आहे. हसलात ना? हसा, मला सवय आहे. पितळेचा लांब गळा, फुलासारखं उमललेलं तोंड आणि मागे काळ्या रबराचा फुगा, एवढंच माझं अंग. आज मी चाकणच्या भुईकोट किल्ल्याच्या खंदकाजवळ, अंबूबाईंच्या ओसरीवर एका खुंटीला टांगलेला आहे. उन्हं कलली की माझं पितळ आपोआप उजळतं, वाऱ्यावर कांद्याचा वास येतो, आणि मला झोपही लागत नाही नि जागही राहत नाही. अशा वेळी सगळं आठवतं.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. दिवसभर ठोक ठोक ठोक! प्रत्येक घावागणिक माझं तोंड थोडं थोडं उघडत गेलं, आणि एके सकाळी मला वाटलं, आता आपल्याला बोलता येईल. चिंचवडच्या बबनरावांनी मला उचललं, फुगा दाबून पाहिला आणि म्हणाले, "आवाज हाय गड्याला." मित्रांनो, खरं सांगतो, त्या एका वाक्यावर मी पुढची दोन वर्षं तरंगत होतो.

बबनरावांची वीस सीटांची मोटार होती. पिंपरीला तेव्हा औषधांचा नवा कारखाना उभा राहिला होता आणि लांबलांबच्या जिल्ह्यांतून माणसं कामाला आली होती. मुलूख नवा, सुट्टी आठवड्याला एकच. त्यांच्यासाठी बबनरावांनी मोटारीवर पाटी रंगवून घेतली, 'एका दिवसात सात ठिकाणे'. सकाळी चिंचवडचा मोरया, मग देहू, आळंदी, आणि सगळ्यात शेवटी चाकणचा किल्ला. मधली तीन ठिकाणं कुठली, ते मला आजही सांगता येत नाही, इतक्या लवकर ती मागे पडत.

माहिती सांगायला यशवंतराव असत. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, काळी टोपी, कोटाच्या खिशात साखळीचं घड्याळ. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकणचा किल्ला छप्पन्न दिवस लढवला, तो लढा यशवंतराव चार मिनिटांत उरकत. माणसांची नावं ते विचारत नसत. ज्याची जी सीट, तेच त्याचं नाव. तीन नंबर, डोकं आत घ्या. अकरा नंबर, पान बाहेर थुंका.

दहा मिनिटं भरली की ते हात वर करत, बबनराव फुगा दाबत, आणि मग मी! माझा आवाज देवळाच्या शिखरापर्यंत जाई. माणसं धावत सुटत. कुणाच्या हातात चपला, कुणाच्या तोंडात अर्धा प्रसाद, कुणाचं डोळे मिटून चाललेलं मागणं देवासमोर अर्धंच राहिलेलं. सगळी माझ्याकडे धावतात हे पाहून मला वाटायचं, केवढा मी लाडका! किती वेडा होतो बघा.

मग सत्तावन्न सालच्या माघातला तो रविवार आला.

सात नंबरच्या सीटवर त्या दिवशी गोजाबाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, हिरव्या लुगड्याच्या, पदराखाली एक कापडी पिशवी घट्ट धरून बसलेल्या. शेजारच्या बाईंना त्या सांगत होत्या, ते सगळं मी ऐकलं. माहेर चाकणचं. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या नांदेडकडे गेल्या. मागोमाग आई-वडील गेले, भाऊ कधी नव्हताच. माहेरी कुणी नाही म्हटल्यावर बाईनं जायचं तरी कुणाकडे? पस्तीस वर्षांत एकदाही त्या आल्या नाहीत. आता लेक पिंपरीला कामाला लागला, म्हणून दोन महिने राहायला आल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत निघणार होत्या. पाटीवर चाकण लिहिलेलं पाहून त्यांनी सीट घेतली होती. मोरया नको, काही नको. गावात अंबू नावाची मैत्रीण असेल, तर एकदा तिच्या हातून माहेरची ओटी भरून घ्यायची, एवढंच. पिशवीत त्यांनी अंबूसाठी खणाचं कापड आणलं होतं.

किल्ल्यापाशी मोटार थांबली तेव्हा उन्हं उतरली होती. लोक बुरुजाकडे गेले, गोजाबाई उलट्या दिशेला. एका गल्लीत शिरल्या, परत आल्या, दुसरीत शिरल्या. पस्तीस वर्षांत वाटा बदलल्या होत्या. यातच आठ मिनिटं गेली. आणि शेवटी अंबूबाईंचं घर निघालं कुठं, तर आमची मोटार उभी होती त्याच्या समोर!

अंबूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं, आणि म्हणाल्या, "गोजे, किती गं उशीर केलास." जणू सकाळीच पाण्याला गेलेली मैत्रीण परतली होती. मग त्या आत धावल्या. पाट मांडला, कुंकू लावलं, सुपात तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ घेतला. गोजाबाईंनी पदर पसरला. पहिली ओंजळ पदरात पडली.

यशवंतरावांनी हात वर केला. बबनरावांनी फुगा दाबला. पों!

मित्रांनो, माहेरवाशिणीला मागून हाक मारू नये, हे आपल्याकडे लहान पोरीलाही ठाऊक असतं. ओटी भरताना तर मुळीच नाही. मी नेमकी तीच हाक मारली. अंबूबाई दचकल्या, सूप कललं, तांदूळ अंगणभर सांडले. आणि गोजाबाई? दिवसभर सगळे धावत होते ना, तशा त्याही धावल्या. खणाची पिशवीसुद्धा हातातच राहिली.

मोटार निघाली. यशवंतरावांनी डोकी मोजली. "वीस. सगळे आले," ते म्हणाले.

"सात नंबर आली, मास्तर," गोजाबाई हळू आवाजात बोलल्या. "गोजा तिथंच ऱ्हायली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. वाटेवरच्या मोशी गावाच्या अलीकडे बबनरावांनी मोटार बाजूला घेतली आणि काय झालं ते विचारलं. गोजाबाईंनी पदराच्या गाठीतले मूठभर तांदूळ दाखवले. बारा नंबरचा फिटर कुरकुरला, त्याची आठची पाळी होती. यशवंतरावांनी घड्याळ काढलं आणि वेळेचं गणित सांगू लागले.

"मास्तर, तुमच्या गावाकडं लग्नात पंगतीला लोक कसे येत्यात?" बबनरावांनी विचारलं.

"आवतण देतात. पानं मांडली की घरोघर जाऊन बोलावतात."

"आन् आपन? पिपाणी वाजवून गुरं हाकल्यावानी."

यशवंतरावांनी त्या तांदळांकडे पाहिलं. मग त्यांनी घड्याळ खिशात ठेवलं, वहीतलं सीटांचं पान उघडलं आणि फिटरपासून सुरुवात केली. "तुमचं नाव काय हो?" नाव ज्योतीराम निघालं. ज्योतीराम जरा गोंधळला, मग म्हणाला, त्याची आईसुद्धा तिकडे सोलापुराजवळ अशीच वाट बघते. पाळीचं तो बघून घेईल. चला मागं.

अंबूबाई अंगणात बसून एकेक दाणा वेचत होत्या. या वेळी मी गप्प होतो. श्वास धरून गप्प! दोघींनी निवांत ओटी भरली. खण दिला, उखाणे झाले, कुणाचं कोण गेलं, कोण राहिलं ते सगळं झालं. ओटीतले चार दाणे गोजाबाईंनी उंबऱ्यावर ठेवले, म्हणजे माहेर भरलेलं राहतं. बाकीचे एकोणीसजण तोवर बुरुजावर बसले होते, आणि यशवंतराव छप्पन्न दिवसांतला एकेक दिवस सांगत होते. त्यांच्याजवळ इतकं होतं, हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं बहुतेक. आकाश जांभळं झालं, खंदकात बगळे उतरले. निघायची वेळ झाली तेव्हा यशवंतराव स्वतः अंगणात गेले, हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "गोजाबाई, तुमचं झालं असेल तर निघूया."

पुढच्या रविवारी पाटी बदलली. आता तिच्यावर दोनच ठिकाणं होती. मोटारीत चढताना यशवंतराव प्रत्येकाला नाव विचारत आणि कुणाला काय पाहायचंय तेही. कुणाला नुसतं इंद्रायणीत पाय सोडून बसायचं असे. मग बसा. निघताना ते एकेकाजवळ जाऊन बोलावत.

मग मी काय करत होतो? सुरुवातीला मला फार वाईट वाटलं. वळणावर म्हशी आल्या तरच माझी आठवण. पण एकदा चाकण जवळ आलं तेव्हा बबनरावांनी मला अगदी हलकं दाबलं, आणि समोरून अंबूबाई बाहेर आल्या, हसत, पदराला हात पुसत. त्यांनी चहाचं आधण ठेवलं होतं. तेव्हा मला कळलं, मी आता 'चला' म्हणत नव्हतो, 'आलो' म्हणत होतो.

वर्षं गेली. माझं रबर तडकलं, मोटारीला विजेचा हॉर्न लागला. बबनराव मला भंगारात देणार होते, पण अंबूबाईंनी मागून घेतलं. त्या मला चिंचेनं घासतात. दाबलं तर मात्र नुसती हवा जाते, फुस्स. माझी बोलायची वेळ संपली, असं मी धरून चाललो होतो.

परवा दुपारी एसटीतून एक हिरवं लुगडं उतरलं. ओसरीवर कुणी नव्हतं, अंबूबाई परसात होत्या. गोजाबाईंनी हाक मारली नाही. त्यांनी मला खुंटीवरून काढलं, फाटकं रबर बाजूला केलं, ओठांना लावलं आणि फुंकलं.

मी वाजलो, मित्रांनो. परसात हातातली बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

म्हणून मी तुमच्याकडे एवढंच मागतो. कुणी देवापुढे, पाण्यापुढे, मैत्रिणीपुढे थांबलं असेल, तर त्याला लांबून हाकारू नका. उठा, जवळ जा, नाव घेऊन विचारा, "झालं का तुमचं?" आणि आमच्यासारखं जुनं पितळ दिसलं, तर फेकू नका. कुणाच्या तरी येण्याचा आवाज त्यात अजून शिल्लक असेल.