पाच पीळ कमी

जपमाळ संपवून मी चहा ठेवला तेव्हा सहा वाजले होते, आणि मागच्या जाळीच्या दारातून येणारा वारा तेव्हाच तव्यावरून आल्यासारखा लागत होता. पूर्वेचा वारा. उन्हाळ्यात आमच्या यँडरा गावात तो पहाटे वाळवंटाकडून सुटतो, दुपारी पडतो, मग घटकाभर पान हलत नाही, आणि त्यानंतर समुद्राकडून दक्षिणेचा येतो. गॅरेजच्या दारांची कामं करणारे आम्ही त्या मधल्या घटकेवर आमचा दिवस बांधतो. दार नीट तोललं गेलंय की नाही हे वारा पडल्यावरच कळतं.

रेडिओवरची बाई सांगत होती की आज समुद्राचा वारा येणार नाही. पूर्वेचाच दिवसभर राहील. पारा बेचाळीसच्या पुढे जाईल. वणव्याच्या भीतीने कापणी बंद, शेतात गाड्या बंद, उघड्यावर ठिणगी उडेल असं काहीही बंद.

"आज नको जाऊया," मी बेव्हनला म्हटलं.

"मिसेस पास्कोंच्या दाराची स्प्रिंग काल तुटलीय, लोर्ना. आजच्यासारख्या दिवशी त्यांची गाडी दाराआड अडकलेली ठेवायची?" त्याने कप उजव्या हातात घेतला. हिवाळ्यापासून तो उजव्याच हातात घेतो. डावा हात अधूनमधून झोपतो त्याचा. त्याने मला सांगितलेलं नाही, पण एकोणतीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला सांगावं लागत नाही. डॉक्टरची वेळ मी दोनदा घेतली, दोनदा त्याने मोडली.

मर्ल पास्को एकोणऐंशीच्या. गावाबाहेर नऊ किलोमीटरवर, डांबरी रस्ता संपतो तिथे एकट्या राहतात. तीन बाजूंना वाळकी झुडपं आणि चौथ्या बाजूला कापलेल्या गव्हाचं रान. आमची व्हॅन दिसताच त्या हातात माशा हाकलायचा फडका घेऊन बाहेर आल्या.

"आलात? मला वाटलं, दार गंजून आपोआप पडेल तेव्हाच येणार."

"तुम्ही कालच तर फोन केलात, मिसेस पास्को," बेव्हन म्हणाला.

"माझ्या वयात कालपासून आजपर्यंत पुष्कळ काही होऊ शकतं, बाबा. चल, आत ये. लोर्ना, तू अजून वाळलीस. हा तुला जेवायला घालत नाही का?"

"आज शुक्रवारचा उपास आहे, मिसेस पास्को. संध्याकाळी जेवते मी."

"देवाला काय, त्याला उष्मा लागत नाही," त्या म्हणाल्या, आणि मला थंड पाण्याचा पेला आणून दिला.

घरातून गॅरेजमध्ये उतरायला एक लहान दार होतं. आत त्यांची जुनी पांढरी गाडी, आणि समोर पूर्वेला तोंड केलेलं मोठं दार. वारा त्यावर थापा मारत होता. दारावरच्या दांड्यावर स्प्रिंग मधोमध तुटलेली, दोन बोटांची फट पडलेली. दोन्ही बाजूंच्या तारा खारट हवेने कुसळासारख्या उसवलेल्या. चाकं वाळूने झिजून चपटी झालेली. दाराला आतून पाच आडव्या लोखंडी पट्ट्या होत्या. मोठं वादळ आलं त्या वर्षानंतर गावात सगळ्यांनीच अशा पट्ट्या ठोकून घेतल्या. दारं वाऱ्याला टिकली, पण जड झाली, आणि स्प्रिंगा मात्र जुन्याच राहिल्या. म्हणून आमच्याकडे त्या लवकर मरतात.

बेव्हनने वजनकाटा आणला, माणसं ज्यावर उभी राहतात तसलाच, आणि पहारीने दार उचलून त्यावर टेकवलं.

"एकशे तीस किलो."

"माझा नवरा जवळपास तेवढाच होता," मर्ल म्हणाल्या. "शेवटची दोन वर्षं त्याला मीच उठवायचे. पण तो मदत करायचा, हे करत नाही." मग फडका खांद्यावर टाकून त्या गंभीर झाल्या. "मला एकच सांग, बेव्हन. वीज गेली तर?"

"ही लाल दोरी ओढायची. मोटर सुटते. मग दार हाताने वर."

"दोरी ठाऊक आहे. दार मला उचलवेल का, ते सांग."

"दोन बोटांनी. स्प्रिंग नीट पिळली की एकशे तीसचं पाच किलो होतं."

"मग झालं. आग आली तर मी कुणाची वाट बघत बसणार नाही. दार उचलायचं, गाडी काढायची, निघायचं. एवढंच पाहिजे मला."

बारा वाजेपर्यंत आम्ही तारा बदलल्या, चाकं बदलली, बिजागऱ्या घट्ट केल्या. नवी जाड स्प्रिंग दांड्यावर चढवली. पत्र्याच्या छपराखाली श्वास घेताना नाक भाजत होतं. बेव्हनचा शर्ट आधी ओला झाला आणि मग वाळून त्यावर मिठाच्या रेघा उठल्या.

मग पीळ द्यायचं काम. स्प्रिंगच्या टोकाला लोखंडी डोकं असतं, त्यात चार भोकं. एका भोकात सळई घालून पाव फेरा ओढायचा, दुसऱ्या भोकात दुसरी सळई घालायची, पहिली काढायची, पुन्हा ओढायचा. पाव फेरा म्हणजे एक पीळ, आणि अशा दाराला तीस पीळ लागतात. शेवटचे दहा सगळ्यात वाईट. तेव्हा सळई सुटली तर ती कुठे जाईल हे कुणी सांगू शकत नाही. बेव्हन ज्याच्या हाताखाली शिकला त्या माणसाला खालचा ओठ नव्हता. तो पेला गालाला लावून प्यायचा. आम्हा दोघांनाही ते पाहून पाहून सवय झाली होती.

मोजायचं काम माझं. स्प्रिंगवर फेरे कळावेत म्हणून रंगाची रेघ असते, पण धुळीत आणि ग्रीसमध्ये ती बेव्हनला दिसत नाही, आणि पीळ देताना त्याचं डोकं मोजणीत गुंतलेलं मला नको असतं. मी शिडी धरते, मनात एकेक मोजते आणि फक्त दहाई मोठ्याने सांगते. माळेची सवय आहे मला. एकोणीस वर्षं आम्ही सोबत हे काम करतोय, त्यात त्याने माझ्या आकड्यावर कधी शंका घेतली नाही.

"दहा," मी म्हटलं.

वाऱ्याने दार वाजत होतं. मर्ल लहान दारात उभ्या राहून बघत होत्या.

"वीस."

बावीसला तो थांबला. श्वास घेतला, पुन्हा ओढलं. चोविसाला डावा हात सळईवरून घसरला. मी पाहिलं, बोटं मिटलीच नाहीत, नुसती लोखंडावरून सरकली. त्याने छाती सळईवर टाकून ती अडवली आणि उजव्या हाताने दुसरी भोकात घातली. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मर्लना दिसलं नाही, त्यांच्याकडे त्याची पाठ होती.

"झोपला का हात?" मी हळूच विचारलं.

"काही नाही. मोज तू."

त्याने पंचविसावा ओढला. सळईचं टोक त्याच्या गळ्यापासून वीतभर अंतरावर होतं.

"तीस," मी म्हटलं.

तो थांबला. माझ्याकडे न बघता त्याने स्क्रू आवळले, सळया काढल्या आणि शिडीवरून उतरून पायरीवर बसला. मी त्याला पाणी दिलं. मी मात्र प्यायले नाही.

आता दार तोलून बघायचं. अर्ध्यावर नेऊन सोडायचं. नीट पिळलेलं असेल तर तिथेच राहतं, पीळ कमी असेल तर खाली घसरतं. पण पूर्वेचा वारा दाराला आत रुळांवर दाबून धरतो, आणि दाबलेलं दार पीळ कमी असला तरी घसरत नाही. म्हणून तर आम्ही वारा पडायची वाट बघतो. आज तो पडणार नव्हता.

बेव्हनने दार अर्ध्यावर सोडलं. ते तिथेच राहिलं.

"बघ. हललंसुद्धा नाही," तो म्हणाला.

"मला एकदा उचलून बघू दे," मर्ल म्हणाल्या. बेव्हनने दार खाली आणलं, तेव्हा त्यांनी वाकून दोन्ही हातांनी ओढलं. दार गुडघ्यापर्यंत आलं आणि अडलं. "ही तुझी दोन बोटं?"

"वारा दाबतोय त्याला, मिसेस पास्को. वाऱ्यात कुठलंही दार जड लागतं. त्याच्यावर जाऊ नका."

तो खरं बोलत होता. त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं खरंच होतं. मर्लनी माझ्याकडे पाहिलं.

"काय गं लोर्ना, खरं बोलतोय ना हा? पुरुषांना कशाचीही सबब मिळते."

"वाऱ्यात जड लागतं," मी म्हटलं. मग म्हटलं, "आजच्या दिवस गाडी बाहेर लावून ठेवा ना तुम्ही."

"बाहेर? वाळूने काच आंधळी होईल माझी. गाडी बाहेर ठेवायची तर दार कशाला दुरुस्त केलं?" त्यांनी बटण दाबलं. मोटरने दार वर नेलं, खाली आणलं. त्या समाधानाने हसल्या आणि आम्हाला खजुराच्या वड्या बांधून दिल्या.

परत येताना व्हॅन बेव्हननेच घेतली. डावा हात मांडीवर ठेवून एका हाताने चालवत होता. मी मनातल्या मनात माळ धरायला गेले, पण पहिल्याच ओळीवर अडकले. उद्या सांगेन, असं ठरवलं. उद्या वारा पडेल, आम्ही पुन्हा जाऊ, तो दमलेला नसेल, पाच पीळ भरू. नुसता एका दिवसाचा प्रश्न होता.

घरी पोचलो तेव्हा दीड वाजला होता. पंखा बंद. फ्रिज बंद. खांबांवर धूळ आणि मीठ साचलं की असल्या वाऱ्यात वीज अशीच जाते. मी मागच्या अंगणात गेले. पूर्वेला, मर्लच्या घराच्याही पलीकडे, आभाळाच्या बुडाशी पिवळट तपकिरी पट्टा होता. मी बघत असतानाच तो रुंद झाला.

मी त्यांना फोन लावला. वीज नाही म्हणजे त्यांचा घरचा फोन मेलेला, आणि मोबाइल तिकडे चालत नाही.

बेव्हन खुर्चीत डोळे मिटून बसला होता.

"मी पंचविसाला तीस म्हटलं," मी म्हणाले.

त्याने डोळे उघडले. किल्ली घेऊन उठला.

त्या नऊ किलोमीटरांत समोरून चार गाड्या आल्या, सगळ्या गावाकडे, दिवे लावून. आमच्या दिशेने कुणी नव्हतं. धुराचा वास आधी गोड लागला, मग घशात बसला. दिवसाउजेडी सूर्याकडे सरळ बघता येत होतं.

मर्लचं दार जमिनीपासून फूटभर वर होतं. खाली गाडीचा जॅक. फटीतून दोन म्हातारे हात दिसत होते, जॅकची दांडी फिरवणारे, अगदी सावकाश.

"कोण आहे ते?" आतून आवाज आला. "बघत उभे राहू नका, हात लावा. अर्धा तास झाला फिरवतेय."

बेव्हन खाली बसला, पाठ आणि उजवा खांदा दाराच्या कडेखाली घातला. मी दुसऱ्या टोकाला. दोघांनी रेटलं. दार आमच्या खांद्यांवर आलं, आणि त्याचा डावा हात नुसता लोंबत राहिला. मर्लनी जॅक बाजूला ओढला, गाडी सुरू केली आणि आमच्यामधून, आरसे दुमडून, बाहेर काढली. आम्ही सरकलो तसं दार सुटून फरशीवर आदळलं. वाऱ्यात राखेचे काळे तुकडे उडत येत होते. एक माझ्या हातावर बसला, अजून गरम.

मर्लनी काच खाली केली. त्यांच्या बोटांची सालं निघाली होती.

"दोन बोटं म्हणाला होतास, बेव्हन."

"चूक झाली, मिसेस पास्को. कामातली. निघा तुम्ही, थांबू नका कुठे."

त्यांनी त्याच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग काच वर केली. गाडी रस्त्याला लागली.

आम्ही व्हॅनमध्ये बसलो. बेव्हनने किल्ली लावली आणि फिरवली नाही.

"याआधी किती वेळा?" त्याने विचारलं.

मला वाटलं होतं तो ओरडेल. तो अगदी हळू बोलला, जसं मी बोलते.

"तीन," मी म्हटलं. "हिवाळ्यापासून."

"कोण?"

"केलीहर. शाळेमागची ती जुळ्या मुलांची आई. आणि अँगोव्ह म्हातारा."

"किती कमी?"

"केलीहरचे दोन. तिचे तीन." मी थांबले. "अँगोव्हचे सहा."

अँगोव्ह रेल्वे फाटकापलीकडे राहतो, काठी घेऊन चालतो. त्याच्या घराला जायला मर्लच्या घरामागून मातीचा रस्ता आहे, सरळ धुराकडे जाणारा. बेव्हनने स्टिअरिंग धरायला डावा हात उचलला. बोटं उघडीच राहिली. त्याने ती दुसऱ्या हाताने मिटून पाहिली, सोडली, तर पुन्हा उघडली.

तो उतरला आणि माझ्या बाजूला आला. मी सरकून त्याच्या जागी बसले, किल्ली फिरवली आणि व्हॅन पूर्वेकडे वळवली.