सगुणाची घागर

"बोट ओळीखाली ठेव. अडखळलीस की पहिल्यापासून!"

वडिलांचा, यज्ञेश्वर गुरुजींचा, हा हुकूम शर्मिलानं वर्गात पहिल्यांदा ऐकला तेव्हा बाकावरून तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. आता ती साठीला टेकली आणि नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत रोज दुपारी तीच शाळा पुन्हा भरू लागली. मुलगी म्हणून गुरुजी तिला ओळखत नव्हते. विद्यार्थिनी म्हणून ओळखत, तेवढंच.

जेवणं झाली की ते जुनी वाचनमाला काढत. पिवळी पडलेली पानं, काळ्या रेघांचं चित्र : सगुणा विहिरीवर पाणी भरतेय. शर्मिला उभ्यानं वाचायची. नाही वाचलं तर ते औषध घेत नसत. दुसरं पान येईतो गुरुजी पहिलं विसरलेले असत. "पहिल्यापासून!" सगुणा यायची, घागर भरायची, डोईवर घ्यायची, घरी मात्र पोचायची नाही. इकडे शर्मिलाच्या पोटऱ्या भरून यायच्या.

रविवारी बिबवेवाडीहून धाकटा भाऊ अनंत आला. बाकरवडीचा पुडा, तासभर गप्पा आणि निघताना "ताई, काही लागलं तर सांग हं," असा त्याचा रविवार. "काही नको रे," असा तिचा.

आज गुरुजींनी त्यालाच हेरलं.

"नवीन दिसतोस. वाच."

अनंत हसत उठला. "सगुणा विहिरी... विहिरीवर..."

"पहिल्यापासून!"

तिसऱ्या खेपेला तो मटकन खाली बसला. "बाप रे! बॉसपुढेसुद्धा एवढा वेळ उभा राहिलो नाही."

"बसायला कुणी सांगितलं? घरचीच शाळा आहे का?"

अनंतला हसू आवरेना. त्यानं फोन काढला. "ताई, कसले गोड झालेत गं बाबा! तू वाच ना, व्हिडिओ काढतो. ग्रुपवर टाकू."

शर्मिला पुस्तक घेऊन उभी राहिली. पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. तिनं पुस्तक मिटून गुरुजींच्या मांडीवर ठेवलं.

"फोन ठेव, अनंत."

"का गं? काय झालं?"

"मी दमले रे. दर रविवारी 'काही नको' म्हणते ना, ते खोटं असतं. आज जाताना बाबांना तुझ्याकडे घेऊन जा. महिनाभर तरी ठेव. मला दुपारचं झोपायचंय."