साठच्या वेगातलं बोलणं

मी जीप बोलतेय. ‘बोलतेय’ हा शब्द मी स्वतःसाठी जरा भीतच वापरते, कारण लिंबागणेश आणि भोवतालच्या वस्त्यांचं ठाम मत आहे की मी बोलत नाही, ओरडते. मी गावाबाहेरच्या पुलाशी आले की घरात भामाबाई, म्हणजे माझ्या ड्रायव्हरची बायको, चहाचं आधण ठेवायच्या आणि उकळी फुटायच्या आत मी दारात असायची. भामाबाई हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. बरीच वर्षं मी ते माझं कौतुक समजत होते.

माझा जन्म १९८५ सालचा. एका सहकारी दूध संघानं मला घेतलं. नारळ फुटला, चेअरमनसाहेब पुढं बसले, संचालक मागं बसले आणि ज्यांना जागा मिळाली नाही ते बाजूला लोंबकळले. सहकाराचं वजन किती असतं ते माझ्या स्प्रिंगच्या पाट्यांना पहिल्याच दिवशी कळलं. स्टिअरिंगवर होता शहादेव, वय चोवीस. त्यानं बसण्याआधी आरशावरची धूळ रुमालानं पुसली. तेवढ्यावर मी त्याची झाले.

पुढचा दुष्काळ मी चाऱ्याच्या छावण्यांवर काढला. मागं ट्रॉली, ट्रॉलीत पाण्याची टाकी, टाकीवर दोन माणसं, खाली काळी माती नाही तर मुरूम. तिसऱ्या गिअरमध्ये पस्तीसचा वेग म्हणजे मला राजेशाही वाटायचा. माझी घडणच ओढण्यासाठी होती, पळण्यासाठी नव्हती. माझ्या आवाजाला तेव्हा कुणी नावं ठेवली नाहीत. छावणीतल्या म्हशी तर तो ऐकून उठून उभ्या राहत. माझ्या आयुष्यात मला मिळालेली सगळ्यात मोठी दाद ही म्हशींची आहे, हे इथंच कबूल करून टाकते.

२००३ साली संघ बंद पडला. लिलावात मला तिघांनी पाहिलं. दोघं हसले. तिसरा शहादेव होता.

त्यानंतर तो साखर कारखान्याच्या गाडीवर लागला आणि मी त्याच्या दारात राहिले. पेंड आण, कडबा ने, कुणाची म्हैस अडली तर जनावरांच्या डॉक्टरला घेऊन ये, अशी माझी कामं. २०१८ च्या दिवाळीआधी शहादेव निवृत्त झाला आणि माझ्या नशिबी हायवे आला.

त्याची मुलगी संभाजीनगरला नर्स आहे. तिला लहान बाळ. म्हणून भामाबाईंना महिन्यातून दोनदा तिकडं जायचं होतं. त्यातही त्यांचा एक हेतू होता. घरी दिवसभर माणसांची ये-जा. कुणी अर्ज लिहून घ्यायला येतं, कुणी नुसतंच जयभीम घालून टेकतं. लग्नाला पस्तीस वर्षं झालेली, आणि त्यातला बहुतेक काळ नवरा रस्त्यावर. आता दोघांनीच निवांत बोलावं अशी जागा म्हणजे जाता-येतानाचे सात तास. त्या सात तासांत मध्ये मी.

पहिल्या फेरीहून आल्यावर भामाबाई दोन दिवस डोक्याला पटका बांधून बसल्या. चौपदरी सडकेवर पन्नासच्या पुढं गेलं की माझं इंजिन किंचाळतं, गिअरबॉक्स हुंदके देतो आणि टप टाळ्या वाजवतं. तिसऱ्या दिवशी त्या शहादेवला म्हणाल्या, “जयंतीपातूर ही गाडी गप झाली तर ठिवा. न्हाई तर मी यष्टीनं जाईन आन् हिला सटवा घिऊन जाईल. मला तुमच्यासंगं बोलायचं हाय, हिच्यासंगं न्हाई.”

सटवा म्हणजे आमच्याकडचा भंगारवाला. तो लगेच येऊन मला चाकापासून टपापर्यंत बघून गेला. त्याच्या नजरेत मी जीप नव्हते, लोखंड होते. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, पंधरा एप्रिलला टेम्पो आणतो, असं सांगून गेला.

शहादेव कामाला लागला. त्यानं माझ्या मागच्या चाकांना जॅक लावला, टायरवर आणि खालच्या शाफ्टवर खडूच्या खुणा केल्या, आणि चाकं एक फेरा फिरली की शाफ्ट किती फिरतो ते उकिडवं बसून मोजलं. तीनदा मोजलं. सव्वापाचाच्या जरा वर. मला शरम वाटली. बाईला वय विचारावं तसं ते होतं.

गेवराई रोडच्या गॅरेजमधला गहिनीनाथ मिस्त्री त्याला समजावून सांगत होता, तेव्हा मलाही माझं दुखणं पहिल्यांदाच कळलं. मागच्या दोन चाकांच्या मधल्या गोळ्यात दोन दातेरी चक्रं असतात. माझ्या लहानाला आठ दात, मोठ्याला त्रेचाळीस. चाकाचा एक फेरा व्हायला इंजिनाला पाचाहून जास्त हिसके द्यावे लागतात. चिखलात हेच बळ, सडकेवर हीच बोंब. अलीकडच्या गाड्यांत अकरा आणि सत्तेचाळीस दातांची जोडी येते. ती बसवली तर त्याच वेगाला इंजिनाचा पाचातला एक फेरा वाचेल. फक्त उभ्यावरून ओझं उचलताना जड जाईल. आणि मी चारही चाकांवर चालणारी गाडी, तेव्हा मागं जे दात तेच पुढं पाहिजेत, हे त्यानं बोट नाचवून दोनदा सांगितलं.

इथं सरळ काम झालं असतं. पण शहादेवचा पिंड संघाचा. त्यानं बैठक बोलावली.

बैठकीला आप्पाराव आले. हे धनगर वस्तीवरचे, संघाचे शेवटचे चेअरमन. आता दीडशे मेंढरांशिवाय त्यांच्या ताब्यात काही उरलेलं नव्हतं. आणखी दोघं जुने संचालक आले. माझ्या बॉनेटवर चहाच्या कपबशा ठेवून त्यांनी माझ्या दातांची चर्चा केली. एकानं ट्रॉलीची मोठी चाकं लावायचा पर्याय मांडला; चाक मोठं तर इंजिनाचे फेरे आपोआप कमी. ते करूनही पाहिलं. फेरे कमी झाले, पण खडबडीत टायर डांबरावर असे घोंगावले की आप्पारावांची मेंढरं बांध ओलांडून पळाली, आणि वळताना चाक मडगार्डला घासायला लागलं. त्याच दुपारी ती चाकं काढली.

मग दुसरी बैठक. अकरा-सत्तेचाळीसची जोडी मागं बसवावी असा ठराव आला. सूचक, अनुमोदक, सगळं रीतसर. पुढच्या चाकांचं काय, तर तो विषय पुढील बैठकीत घ्यावा असं सर्वानुमते ठरलं. संघात पहिल्यापासून असंच चालायचं. सोपं आज, अवघड पुढच्या महिन्यात. गहिनीनाथनं डोक्याला हात लावला आणि बजावलं की मग पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा ओढायचा नाही, म्हणजे नाही.

फेब्रुवारीत पुन्हा छावण्या लागलेल्या. शहादेव आप्पारावांच्या मेंढरांसाठी कडबा घेऊन निघाला आणि कोरड्या ओढ्याच्या वाळूत मी रुतले. तेहेतीस वर्षांची सवय. त्याचा हात आपोआप खाली गेला आणि पुढचा दांडा ओढला गेला. आता माझी मागची चाकं पळू म्हणत होती आणि पुढची थांब म्हणत होती. अगदी संचालक मंडळाची सभा. मऊ वाळूत कसंबसं निभावलं. काठावरच्या मुरमावर चढताच पुढच्या शाफ्टचा जोड फटाकदिशी तुटला. मी कडब्याखाली तिरपी उभी, शाफ्ट जमिनीला टेकलेला, आणि समोरून एक गाढव माझ्याकडं बघत शांतपणे निघून गेलं.

आप्पाराव ते सगळं काठावरून बघत होते. ते एवढंच म्हणाले, “शहादेव, पुढचा विषय आज घिऊन टाकू.”

मार्चअखेर गहिनीनाथनं पुढंही तेच दात बसवले. आवाज दाबायला टपाखाली गोणपाट आणि नमदा ठोकला, टायर सडकेचे घातले. आणि रविवार, सात एप्रिलला परीक्षा ठरली. शहादेव स्टिअरिंगवर, शेजारी भामाबाई, मागच्या बाकावर पान्हा घेऊन गहिनीनाथ. मांजरसुंब्याचा घाट उतरलो, बीड मागं टाकलं, चौपदरी सडक लागली. चाळीस. पन्नास. साठ. मी स्वतःच चपापले. आयुष्यात पहिल्यांदा मला वारा ऐकू आला. गहिनीनाथ मागं खोकला तर तोही ऐकू आला. मला इतका अभिमान वाटला की तेवढ्यात टपाची एखादी टाळी वाजवावी असं मनात आलं. आवरलं.

शहादेवनं भामाबाईंकडं बघून मान हलवली: बोल.

त्या आवाज न चढवता, घरात बोलतात तशा बोलल्या. “मी आता लेकीकडंच राहावं म्हणते. गावाकडं येत न्हाई.”

शहादेव रस्त्याकडं बघत म्हणाला, “हं. ते बी बरं हाय.”

गहिनीनाथ मागून हसला आणि मध्येच थांबला. भामाबाईंचा चेहरा उतरला होता. त्यांनी गंमत म्हणून टाकलेलं वाक्य होतं ते. त्यांनी त्याच्याकडं मान वळवली. मग तेच वाक्य, त्याच आवाजात, पुन्हा म्हणाल्या.

“बघू की,” शहादेव म्हणाला, “जयंती झाल्यावर.”

मागच्या बाकावरच्या माणसाला शब्दन्‌शब्द कळला होता. हातभर अंतरावरच्या माणसाला काहीच कळलं नव्हतं.

भामाबाईंनी त्याच्या दंडाला हात लावून गाडी कडेला घ्यायला लावली. गेवराईच्या अलीकडं एका लिंबाखाली आम्ही थांबलो. त्या उतरल्या, माझ्या नाकासमोरून वळसा घालून त्याच्या दारापाशी आल्या आणि खिडकीतून हळू आवाजात म्हणाल्या, “कवापास्नं?”

या बाजूनं त्याला ऐकू आलं. “डावाच गेलाय. संघ बंद व्हायच्या आदल्या सालापास्नं.”

“मग सांगितलं कावून न्हाई?”

“डायवरचा कान गेला म्हणल्यावर गाडीवर कोण ठिवतंय?”

“कारखान्याचं झालं. मला?”

शहादेवनं स्टिअरिंगवरचे दोन्ही हात खाली घेतले. “मला वाटलं हिचाच आवाज आसंल. ही गप झाली की तुझं ऐकू यील.”

माझं इंजिन बंद होतं. चालू असतं तर मी काहीतरी खडखडवून विषय बदलला असता. खडूच्या खुणा, बैठका, दात, सगळं कशासाठी चाललं होतं ते मला तिथं कळलं. आणि आणखी एक. माझा गिअरबॉक्स त्याच्या डाव्या गुडघ्याला लागून आहे. अठरा वर्षं तो रोज आठ-आठ तास त्याच्या डाव्या कानात हुंदके देत होता. म्हशी माझ्या आवाजानं उभ्या राहायच्या याचा मला गर्व. माणसाचं काय होतंय ते माझ्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी लेकीनं डॉक्टरला दाखवलं. उजवा कान ठणठणीत, डाव्यात फारसं काही उरलेलं नाही. कानाचं यंत्र मिळालं. घरात ते चालतं. माझ्यात बसल्यावर मात्र ते आधी माझा आवाज मोठा करतं आणि मग भामाबाईंचा, म्हणून शहादेव ते काढून खिशात ठेवतो. इतकं करूनही मी आहेच.

शेवटी तोड भामाबाईंनीच काढली. त्या म्हणाल्या, त्याचा चांगला कान ट्रकवाल्यांकडं आणि बिघडलेला बायकोकडं, हे कसं चालेल. बसायची जागाच बदलू. त्यानं डावीकडं बसायचं. म्हणजे उजवीकडं कोण, असं शहादेवनं विचारलं, आणि उत्तर कळल्यावर त्यानं चार दिवस माझी किल्ली खिशातून काढली नाही. स्टिअरिंग त्यानं कधी चेअरमनलाही दिलं नव्हतं. आप्पाराव बैठक बोलावतो म्हणाले. भामाबाईंनी चहासुद्धा टाकला नाही.

पंधरा एप्रिलला सटवा ठरल्याप्रमाणं टेम्पो घेऊन आला. तेव्हा भामाबाई मला पटांगणात मागं घेत होत्या. त्यानं टेम्पो घाईघाईनं बाजूला घेतला आणि आल्या वाटेनं परत गेला.

हे लिहिते तेव्हा भामाबाईंना पक्कं लायसन मिळून तीन महिने झालेत. वय चौपन्न. नव्या दातांमुळं मला उभ्यावरून उचलणं जड जातं, आणि क्लच त्या अजून पाय झटकल्यासारखा सोडतात. मी आचके देते, बंद पडते, चौकात सगळ्यांना दिसेल अशी उभी राहते. पूर्वी ओरडून लाज आणायची, आता गप्प राहून आणते. पण एकदा चौथा गिअर पडला की साठवर आम्ही चांगल्या चालतो. भामाबाई समोर बघत बोलतात. लेकीच्या जन्माच्या वेळी तो कुठल्या छावणीवर होता, हे त्या परवा विचारत होत्या. शहादेव डावीकडं बसून ऐकतो. अधूनमधून त्याचा पाय नसलेल्या ब्रेकवर पडतो, पण तो ‘हं’ म्हणत नाही. पूर्ण उत्तर देतो.

तेव्हा बीड-गेवराई रस्त्यावर माझ्या मागून येणाऱ्यांना हात जोडून एक विनंती. समोर जुनी हिरवी जीप हळू चालली असेल, चढावर अडखळत असेल, तर पलीकडच्या पट्टीतून खुशाल पुढं जा. मनातल्या मनात मला शिव्या घाला, त्या मला लागू आहेत. फक्त हॉर्न वाजवू नका. आत बोलणं चाललंय.