कार्मेलला कळलेलं क्रियापद

न कळण्यात केवढं सुख असतं, ते कार्मेलला चव्वेचाळिसाव्या वर्षी, सिडनीतल्या एका वृद्धाश्रमात कळलं. तोवर तिचं बरं चाललं होतं. वसईहून नवऱ्याबरोबर आली, पेंडल हिलला भाड्याच्या घरात बिऱ्हाड थाटलं आणि म्हाताऱ्यांना आंघोळी घालायची नोकरी धरली. चार वर्षं ती कुणाच्या अध्यात नव्हती की मध्यात नव्हती.

अडकली ती मिस्टर हाल्व्हर्सनमुळे. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा हा नॉर्वेचा माणूस, उभा जन्म जहाजांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेला. साठ वर्षं सिडनीत राहून शिकलेलं इंग्रजी स्मृतिभ्रंशाच्या आजाराने पार पुसून टाकलं आणि तोंडात उरली ती आईची भाषा. ती त्यांच्या मुलालासुद्धा येत नव्हती. त्याला कधी कुणी शिकवलीच नव्हती. त्यामुळे म्हातारा काही बोलला की सगळे गोड हसत आणि आपल्याला हवं तेच करत. गोड हसणाऱ्यांपुढे कुणाचं काय चालतं!

एका सकाळी त्यांनी गार लापशीचा वाडगा दूर ढकलला आणि कार्मेलकडे बघून ते म्हणाले, “याय अक्सेप्टेरर इक्के.”

मधला शब्द तिच्या कानात बसला. घरी तिने नवऱ्याला, बर्नार्डला विचारलं. बर्नार्ड तरुणपणी दोन वर्षं सेमिनरीत काढून पळून आलेला. पाद्री काही झाला नाही, पण लॅटिनचा तोरा तेवढा राहिला.

“अगं, हे तर लॅटिन!” तो खुशीत आला. “अक्सेप्तारे. इंग्लिशवाल्यांनी शेपूट कापून ‘अक्सेप्ट’ केलं, नॉर्वेवाल्यांनी स्वतःचं शेपूट लावलं. डॅनिश, स्वीडिश, सगळीकडे हेच व्हर्ब चालतं. आणि ‘इक्के’ म्हणजे नाही, हे बघ फोनवर. तुझा म्हातारा म्हणतोय, मला हे मान्य नाही.”

दुसऱ्या दिवसापासून कार्मेल प्रत्येक गोष्ट पुढे करून विचारू लागली, “अक्सेप्टेरर?” चहात दूध? “इक्के.” खिडकी उघडी? “या,” म्हणजे हो. रेडिओ? “इक्के, इक्के!” एवढ्या एका क्रियापदावर दोघांचं छान जमलं. सकाळी बागेत फेरी हवी, हेही तिला असंच कळलं. जकरंडाच्या झाडांखाली तिचा हात धरून चालताना म्हातारा काहीतरी गुणगुणायचा आणि कार्मेलला मनापासून आनंद व्हायचा. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच कुणीतरी तिची वाट बघत होतं.

मग दोनदा हाल्व्हर्सन एकटेच बस-स्टॉपपर्यंत पोचले. मुलगा घाबरला. वडिलांना बंद विभागात हलवायचं त्याने ठरवलं. तिथलं दार आकडे दाबल्याशिवाय उघडत नाही, आणि बाग तर नाहीच. त्याच्या फॉर्मवर एक रकाना होता : रहिवाशाला विचारलं का? ते काय म्हणाले? खाली कर्मचाऱ्याची सही.

त्याच आठवड्यात कार्मेलचाही कागद मॅनेजरबाईंच्या टेबलावर होता. कायमच्या व्हिसासाठी नोकरीवाल्यांची शिफारस हवी, अर्ज पंचेचाळीस पूर्ण व्हायच्या आत जायला हवा, आणि तिचा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता. कागद अडला तर गाशा गुंडाळून वसई. लेक सेरेना बारावीत, तिने आधीच सांगितलं होतं, “ममा, आय ॲम नॉट गोइंग बॅक.”

दुपारी तीनला मॅनेजरबाईंनी कार्मेलला हाल्व्हर्सनच्या खोलीत बोलावलं. मुलगा पलंगाशी उभा होता. त्याने हातवारे करून वडिलांना सगळं समजावलं. म्हाताऱ्याने कार्मेलचा हात घट्ट धरला आणि ते वाक्य म्हटलं. मग पुन्हा, मोठ्याने. मग तिसऱ्यांदा, खुर्चीच्या हातावर मूठ आपटून.

“कार्मेल, तुला यांचं थोडं कळतं ना?” मॅनेजरबाई म्हणाल्या. “काय म्हणतायत? आणि हो, तुझे पेपर्स शुक्रवारी पाठवते हं. नो वरीज.”

बाईंनी धमकी दिली नव्हती. दिली असती तर बरं झालं असतं, निदान चिडता आलं असतं. मुलगाही वाईट नव्हता, नुसता थकलेला होता. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये आपला हात धरून बसलेला म्हातारा. कार्मेलला स्वतःचा राग आला. कशाला विचारायला गेले बर्नार्डला!

“ही अक्सेप्ट्स,” ती इंग्रजीत म्हणाली. म्हणजे, त्यांना मान्य आहे.

भीतीपोटी ती एक गोष्ट विसरली. ज्या वाटेने त्यांचा शब्द तिच्यापर्यंत आला, त्याच वाटेने तिचाही त्यांच्यापर्यंत जाणार होता. बाकी इंग्रजी पुसलं गेलं होतं, हा एक शब्द पुसला गेला नव्हता, तो त्यांच्या भाषेतही होता. हाल्व्हर्सन बोलायचे थांबले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग तिचा हात सोडून दिला.

“बघा, शांत झाले,” मुलगा म्हणाला आणि त्याने सही केली. खाली कार्मेलनेही केली.

तिचे कागद शुक्रवारी गेले. पुढच्या सोमवारी तिची शिफ्ट बंद विभागात लागली. तिने दुधाचा चहा नेला. हाल्व्हर्सन “या” म्हणाले आणि प्यायले. रेडिओ लावला; “या.” ती बाहेर गेली आणि शेजारच्या खोलीतल्या आजीबाईंचं फुलाफुलांच्या बटणांचं गुलाबी स्वेटर घेऊन आली. आता तरी नाही म्हणा, आता तरी चिडा माझ्यावर, असं मनात म्हणत तिने ते त्यांच्यापुढे धरलं.

“अक्सेप्टेरर?”

“या,” ते म्हणाले, आणि बाह्या घालून घ्यायला मुकाट्याने दोन्ही हात पुढे केले.