समजेच्या घरात वजा एक

मी एक जुना, वीस बाजूंचा फासा आहे. माझा जन्म साच्यातला. गरम राळ ओतली, थंड झाल्यावर घासली आणि बाजूंवर एक ते वीस आकडे कोरले. कशासाठी, ते कोणी सांगितलं नाही. मित्रांनो, सांगितलं असतं तर मी साच्यातून बाहेरच आलो नसतो.

एका वेल्डरबाईनं मला घेतलं. दर रविवारी दुपारी ती, तिचा दादा आणि तिचा वायरमन मित्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतात. दादा गोष्ट रचतो, राक्षस सोडतो. बाकीचे दोघं आपापला वीर चालवतात. प्रत्येक वीराचा एक कागद, त्यावर सहा गुणांची सहा घरं: ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, समज आणि छाप. संकट आलं की मला टाकतात आणि माझ्या आकड्यात त्या गुणाचा आकडा मिळवतात. बेरीज दादानं सांगितलेल्या आकड्यापर्यंत पोचली तर वीर वाचला. आग अंगावर आली तर चपळाई, विष पोटात गेलं तर चिवटपणा, मनावर घाला पडला तर समज.

बाईचा वीर म्हणजे एक ढालवाली; ती पाच वर्षं जगली. मी वीस दाखवले की बाई माझा मुका घ्यायची. एक दाखवला की गोळ्यांच्या रिकाम्या डबीत आठवडाभर कैद! आणि दोष कोणाचा? गुण वाढवायची संधी मिळाली की बाई दर वेळी ताकदच वाढवायची. समजेच्या घरात पाच वर्षं वजा एक. स्वतःची लंगडी बाजू झाकायची आणि खापर माझ्या डोक्यावर फोडायचं, ही माणसांची जुनी खोड.

आज दादाच्या चेटकिणीनं किंकाळी फोडली.

"दोघंही समजेवर टाका. पंधरा लागतील. चुकलात तर काळीज जागच्या जागी बंद."

"चिवटपणावर घे ना, दादा! काळीज म्हणजे शरीरच की!"

"भीतीनं बंद पडतंय, माझे बाई. वाद घालू नकोस."

तिला माझ्याकडून सोळा हवे होते. समोर खोडून खोडून भोकं पडलेला कागद. वीर मेला की कागद फाडायचा, हा यांचा नियम. मी घरंगळलो आणि वहीच्या कडेला टेकून तिरका थांबलो. वर अठरा!

"वाचली!" वायरमन ओरडला.

बाईनंच मान हलवली. "तिरका पडलाय. तिरका धरत नाहीत."

"अगं, सख्खा भाऊ आहे, सोडेल की!"

"म्हणूनच."

तिनं मला पुन्हा टाकलं. मी जिवाच्या आकांतानं वळायला बघितलं. फाशाला वळता येत नाही, मित्रांनो. तीन.

कागद तिनं स्वतः फाडला. दादा उगाच चष्मा पुसत बसला.

"घाल मेल्याला डबीत!" वायरमन म्हणाला.

"त्याला कशाला? वजा एक काय त्यानं लिहिलं होतं?" बाई कडाडली. "आणि तू काय दात काढतोस? तुझी पाळी आहे. समज किती तुझी?"

वायरमननं कागद बघितला. हसू मावळलं. "वजा दोन."

मित्रांनो, माझ्यात दया नाही, दुष्टावाही नाही. नुसते वीस आकडे आहेत. जे घर तुम्ही रिकामं ठेवाल, घाव तिथेच बसेल. ते आज भरा. नंतर माझ्यापुढे हात जोडू नका, मला काही करता येत नाही.

आता त्यानं मला ओंजळीत घेतलंय. नुसता हलवतोय, टाकतच नाहीये. सतरा हवेत. टाक रे बाबा, टाक एकदाचा.